गुन्हा आधी की कायदा आधी? अनुच्छेद २०(१) बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात पेशीला आलेल्या माणसाला तीन चिंता असतात: जामीन, वकिलाची फी आणि पुढची तारीख. संविधान त्याच्या डोक्यात नसते, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण १ जुलै २०२४ ला जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यापासून पक्षकार एक प्रश्न हमखास विचारतात: “वकील साहेब, आपली केस जुन्या कायद्यात की नव्या, सांगा ना जी.” उत्तर देता देता गोष्ट थेट संविधानाच्या अनुच्छेद २० पर्यंत जाते. पुन्हा पुन्हा तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेले बरे.

वैधतेचे तत्त्व म्हणजे नेमके काय?

एखादे कृत्य ज्या दिवशी घडले त्या दिवशी कायद्याने गुन्हा नसेल, तर त्यासाठी कोणाला दोषी ठरवता येत नाही. गुन्हा असेल, तर त्या दिवशीच्या कायद्यात जेवढी शिक्षा होती त्यापेक्षा जास्त देता येत नाही.

समजा, संक्रांतीला तुम्ही अंबाझरी तलावाच्या काठावर पतंग उडवला आणि मार्चमध्ये तिथे पतंग उडवणे गुन्हा ठरवणारा कायदा आला. संक्रांतीचा व्हिडिओ कितीही स्पष्ट असला तरी तुम्हाला शिक्षा होणार नाही. कायदा मार्चचा, कृत्य जानेवारीचे. विषय संपला.

संविधानात हे कुठे लिहिले आहे?

भाग ३ मध्ये, म्हणजे मूलभूत हक्कांत, अनुच्छेद २० च्या पहिल्या खंडात. त्याच अनुच्छेदाचा दुसरा खंड एकाच अपराधासाठी दोनदा खटला आणि शिक्षा होण्यापासून वाचवतो, तिसरा स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून. या तिघांची गल्लत होते, म्हणून सांगितले.

शब्द “व्यक्ती” आहे, “नागरिक” नाही. त्यामुळे नागपूर विमानतळावर पकडलेल्या परदेशी माणसालाही हे संरक्षण तेवढेच मिळते.

हे बाबासाहेबांनी नव्याने आणले का?

नाही, कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या संविधानाने १७८७ मध्येच मागच्या तारखेचे फौजदारी कायदे करायला मनाई केली. फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्यातला आठवा अनुच्छेद हेच सांगतो. ‘नुल्लुम क्रिमेन सिने लेगे’, म्हणजे कायद्यावाचून गुन्हा नाही, या आशयाची लॅटिन सूत्रे १८०१ मध्ये जर्मन विधिज्ञ फॉयरबाख यांनी मांडली.

आपल्याकडे मसुद्यात हा अनुच्छेद १४ होता. संविधान सभेत त्यावर डिसेंबर १९४८ च्या पहिल्या आठवड्यात चर्चा झाली, आणि त्याच महिन्याच्या १० तारखेला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या अकराव्या अनुच्छेदात जवळपास हीच हमी आहे. त्या काळात दुसऱ्या महायुद्धातल्या गुन्ह्यांचे न्यूरेंबर्ग आणि टोकियोचे खटले ताजे होते आणि “मागाहून केलेला कायदा” हा जगभर वादाचा विषय होता.

घटना ३० जून २०२४ ची, एफआयआर ५ जुलैचा. कलम कोणते लागेल?

सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उदाहरण साखळीचोरीचे घेऊ. धरमपेठेत ३० जूनच्या रात्री दुचाकीवरून आलेल्या पोराने मंगळसूत्र हिसकावले. बाई घाबरली, माहेरी गेली आणि फिर्याद ५ जुलैला दिली.

न्याय संहितेत कलम ३०४ हे हिसकावून चोरी करण्याचे स्वतंत्र कलम आहे. भारतीय दंड विधानात तसे स्वतंत्र कलम नव्हते. प्रसंग पाहून चोरीचे किंवा जबरी चोरीचे कलम लागायचे. पण आपली घटना ३० जूनची, म्हणून गुन्हा भादंविखालीच नोंदवावा लागतो, एफआयआर कितीही उशिरा झाला तरी. न्याय संहितेच्या कलम ३५८ ने जुन्या कायद्याखालची दायित्वे आणि शिक्षा जपून ठेवल्या आहेत. ते कलम नसते तरी अनुच्छेद २०(१) मुळे नवे कलम मागे नेता आलेच नसते.

तपासाची पद्धत मात्र नवी. एफआयआर १ जुलैनंतरचा, म्हणून कार्यपद्धती नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याची. एकाच कागदावर जुने गुन्ह्याचे कलम आणि नवे कार्यपद्धतीचे कलम दिसले तर ती कारकुनी चूक असेलच असे नाही. बहुधा तेच बरोबर असते.

मग खटलाही जुन्याच पद्धतीने चालवा, असे म्हणता येते का?

अनुच्छेद २० च्या आधारे नाही. १९५३ मध्ये शिव बहादूर सिंह विरुद्ध विंध्य प्रदेश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा अनुच्छेद दोषसिद्धी आणि शिक्षा यांना लागू होतो, खटल्याच्या रीतीला नाही. कोणत्या न्यायालयात, कोणत्या प्रक्रियेने खटला चालेल, हा मूलभूत हक्क नाही. त्याच निकालात “अमलात असलेला कायदा” याचा अर्थही ठरला: कृत्याच्या वेळी प्रत्यक्षात चालू असलेला कायदा. नंतर कायदा करून “हा तेव्हापासूनच होता असे समजावे” म्हटले तर फौजदारीत ते चालत नाही.

या “समजावे”वाल्या मखलाशीची कर कायद्यात रेलचेल असते. फौजदारीत तिला दार बंद आहे.

शिक्षा नंतर वाढवली तर?

वाढीव भाग लागत नाही. केदारनाथ बाजोरिया प्रकरणात कृत्ये १९४७ ची होती आणि गैरमार्गाने मिळवलेल्या रकमेइतका जादा दंड सांगणारा कायदा १९४९ चा. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जादा दंड उडवला. दोषसिद्धी तेवढ्याने गेली नाही.

पण इथे एक गाठ आहे आणि ती वकिलांनाही अडवते. १९६० च्या सतवंत सिंग प्रकरणात नंतरच्या कायद्याने किमान दंड सक्तीचा केला होता आणि तो न्यायालयाने टिकवला. कारण मूळ फसवणुकीच्या कलमात दंडाला कमाल मर्यादाच नव्हती. अनुच्छेदाची भाषा नीट वाचा: त्या वेळी जेवढी शिक्षा “देता आली असती” त्यापेक्षा जास्त नको. साधारणपणे किती दिली जायची, हे मोजायचे नाही. अमर्याद दंड आधीपासूनच शक्य होता, मग जास्त काय झाले? मला हा तर्क थोडा कोरडा वाटतो. न्यायाधीशाच्या मर्जीवर असलेली गोष्ट सक्तीची झाली की आरोपीच्या दृष्टीने फरक पडतोच. पण कायदा आज तसाच आहे.

ताजे उदाहरण पोक्सोचे, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे. १६ ऑगस्ट २०१९ पासून या कायद्याच्या कलम ६ मधली किमान शिक्षा १० वरून २० वर्षांवर गेली आणि जन्मठेप म्हणजे उरलेले नैसर्गिक आयुष्य, असे शब्द आले. छत्तीसगडमधल्या एका प्रकरणात घटना मे २०१९ ची होती आणि खालच्या न्यायालयाने नव्या शब्दांप्रमाणे मरेपर्यंत कैद सुनावली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण “उरलेले आयुष्य” हे शब्द काढून जुन्या कलमातली जन्मठेप ठेवली. फरक तीन महिन्यांचाही नव्हता. गुन्हा घृणास्पद होता, तरी तारखेचा हिशेब बदलला नाही.

आणि शिक्षा कमी झाली तर फायदा मिळतो का?

अनुच्छेद २०(१) फक्त जाचक बदल अडवतो, सौम्य बदलाबद्दल गप्प आहे. तो फायदा न्यायालयांनी दिला. १९६४ च्या रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात आरोपी १६ वर्षांचा होता. त्याला शिक्षा झाल्यानंतर त्या जिल्ह्यात परिवीक्षा कायदा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा, लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, सुधारण्याची संधी देणारा कायदा मागच्या प्रकरणाला लावायला अडचण नाही. पुढे १९८२ मध्ये अन्नभेसळीच्या एका प्रकरणातही कमी झालेल्या शिक्षेचा लाभ आरोपीला मिळाला.

आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे नागरी व राजकीय हक्कांच्या करारनाम्याच्या अनुच्छेद १५ मध्ये, सौम्य शिक्षेचा लाभ हा हक्कच आहे, आणि भारत १९७९ मध्ये त्यात सामील झाला. त्यामुळे ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या पहिल्या चोरीला, वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यावर, न्याय संहितेने जी समाजसेवेची शिक्षा आणली आहे, ती जुन्या प्रकरणात मागायला काय हरकत आहे? मी असतो तर अर्ज नक्की टाकला असता. मिळेलच अशी हमी नाही.

कायदा पास झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. म्हणजे लागू झाला ना?

नाही. जानेवारी २०२४ चे पहिले दोन दिवस आठवा. ट्रकचालकांनी चाके थांबवली आणि नागपुरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. राग होता न्याय संहितेच्या कलम १०६(२) वर: निष्काळजी वाहन चालवून जीव घेतला आणि न कळवता पळ काढला, तर १० वर्षांपर्यंत कैद. संहितेवर २५ डिसेंबर २०२३ लाच सही झाली होती. पण फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेत १ जुलैची तारीख जाहीर करताना नेमके हे उपकलम वगळले.

म्हणजे पुस्तकात कलम छापलेले आहे, पण अधिसूचनेशिवाय त्याखाली कोणाला दोषी ठरवता येत नाही. बाजारातल्या स्वस्त आवृत्त्यांत ही टीप नसते, म्हणून सांभाळून.

हे तत्त्व पीडितांवर अन्याय नाही का?

हा प्रश्न बहुधा आईवडील विचारतात आणि त्याला गुळगुळीत उत्तर नाही. हुंडाबळीचे कलम ३०४ब १९ नोव्हेंबर १९८६ ला लागू झाले. गुजरातमधल्या एका मुलीचा मृत्यू त्याच वर्षी १३ ऑगस्टचा. वडील १९९१ पर्यंत झगडले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ३०४ब हा नवा गुन्हा आहे, मागे लागणार नाही. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या प्रकरणातल्या अल्पवयीन आरोपीचेही तेच. १६ ते १८ वयाच्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यांसाठी प्रौढांसारखा खटला चालवू देणारा कायदा त्या घटनेनंतर झाला आणि जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याला तो लावता आला नाही.

हे ऐकून समोरचा माणूस गप्प बसतो. मी एवढेच सांगतो की नवे कलम लागले नाही म्हणून जुनी कलमे संपत नाहीत. भांडायचे ते त्या जुन्या कलमांवर. त्यांत चांगला पुरावा आणला तर शिक्षा होते.

कायद्याचे शब्दच धूसर असतील तर?

इथे अनुच्छेद २०(१) एकटा पुरत नाही. तो तारीख बघतो, शब्दांचा स्पष्टपणा नाही. ती उणीव न्यायालयांनी अनुच्छेद १४ (समानता), १९ (स्वातंत्र्ये) आणि २१ (जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य) मधून भरून काढली, आणि त्यातला एक जुना निकाल आपल्या घरचा आहे.

नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडाने १९४६ मध्ये गुंडांविरुद्ध कायदा केला. “गुंड” कोण? दांडगट, मवाली, उनाड, आणि सार्वजनिक शांततेला धोकादायक असा कोणीही. ठरवायचे कसे, निकष कोणता, आधी त्या माणसाचे ऐकून घ्यायचे का, याचा पत्ता नाही. पुढे हा कायदा मध्य प्रदेशाकडे गेला आणि छिंदवाड्याचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९६० मध्ये न्यायालयाने हद्दपारीची ती कलमे अनुच्छेद १९ च्या विरुद्ध म्हणून रद्द केली. व्याख्या इतकी सैल असेल तर निष्पाप माणूसही तिच्यात सापडतो, हा मुद्दा होता.

अर्ध्या शतकानंतर तोच मुद्दा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये आला. “त्रासदायक”, “अत्यंत आक्षेपार्ह” अशा शब्दांवर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली होती. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल प्रकरणात ते कलम संपूर्ण रद्द झाले. तरीही त्याखाली प्रकरणे चालत राहिली, इतकी की २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. रद्द झालेले कलम ठाण्याच्या डायरीतून जायला वेळ लागतो!

नागपूर खंडपीठाचा तो ‘त्वचेला त्वचा’ निकाल याच तत्त्वावर होता का?

काही अंशी, हो. १९ जानेवारी २०२१ च्या त्या निकालात म्हटले होते की कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोच्या कलम ७ मधल्या “शारीरिक संपर्का”त बसत नाही. आरोपीला पोक्सोच्या किमान तीन वर्षांऐवजी विनयभंगाच्या कलमाखाली एक वर्षाची शिक्षा राहिली. तर्क असा की शिक्षा कडक, म्हणून वाचनही काटेकोर. दंडाचा कायदा ताणून वाचू नये हे वैधतेच्या तत्त्वाचेच पोटकलम आहे, यात शंका नाही.

पण तो नियम कधी वापरायचा? शब्दाचे दोन खरेखुरे अर्थ निघत असतील तेव्हा. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल उलटवताना हेच सांगितले: कलमात संदिग्धता नाही, कळीचा मुद्दा लैंगिक हेतूचा आहे, आणि कायद्याचा उद्देशच बुडेल असा अर्थ काढता येत नाही. हातमोजे घालून केलेला स्पर्श गुन्हा ठरणार नाही, असा अर्थ कोणाला पटेल? माझ्या मते सर्वोच्च न्यायालय बरोबर होते. मात्र त्या वेळी “काटेकोर वाचन” या कल्पनेचीच जी टिंगल झाली, ती चुकीची होती. ती कल्पना उद्या तुमच्या कामी येणार आहे.

एमपीडीए आणि तडीपारीला अनुच्छेद २०(१) लागतो का?

लागत नाही. “कुख्यात गुंड एमपीडीएखाली मध्यवर्ती कारागृहात स्थानबद्ध” अशी बातमी नागपूरकर नेहमी वाचतात. जेल वर्धा रोडवरचीच, भिंतीही त्याच, पण ही शिक्षा नाही. कोणी दोषी ठरलेला नाही. १९८१ चा हा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा, म्हणजे पुढचा धोका टाळण्यासाठी खटल्याविना अडकवून ठेवण्याचा, कायदा आहे आणि तिथे संरक्षण अनुच्छेद २२ चे: कारणे कळवणे, निवेदनाची संधी, सल्लागार मंडळ. तडीपारीसाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमे पाहायची.

मकोकात जुनी दोषारोपपत्रे मोजतात. हे मागे जाणे नाही का?

मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा. त्यासाठी मागील १० वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रे हवीत आणि ती १९९९ च्या आधीचीही मोजली गेली. पण ती फक्त पार्श्वभूमी. मकोका आल्यानंतर संघटित गुन्हेगारीचे नवे कृत्य घडलेले असावेच लागते. नुसत्या जुन्या कागदांवर मकोका उभा राहत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे. पक्षकाराच्या शेवटच्या गुन्ह्याची तारीख आधी तपासा.

बंदीच्या आधी घेतलेला नायलॉन मांजा घरात पडून आहे. चालेल?

आदेशात काय लिहिले आहे ते बघा. विक्री, साठा, वापर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदी वापरावर असेल तर चक्री केव्हा विकत घेतली याला अर्थ नाही. उडवला त्या दिवशी आदेश होता का, एवढेच पाहिले जाते. बाळगण्यावर बंदी असेल तर ताबा रोज चालू असतो, म्हणून गुन्हाही चालू. राजस्थानच्या एका प्रकरणात न्यायालयाच्या मालखान्यातून अफू चोरीला गेली तेव्हा अमली पदार्थांचा नवा कायदा लागू व्हायला एखाद-दोन दिवस बाकी होते. माल सापडला जानेवारी १९८६ मध्ये. ताबा नव्या कायद्याच्या काळातही होता, म्हणून नवीच शिक्षा योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवले.

मांजा तसाही फेकूनच द्या. गळे कापतात लोकांचे.

विक्रीकराचा दंड मागच्या तारखेने लावला. अनुच्छेद २०(१) दाखवू का?

नको. कराची शास्ती म्हणजे अपराधाची दोषसिद्धी नव्हे. दुसरे मुद्दे शोधा.

आणीबाणीत हा हक्क गोठवता येतो का?

आता नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५९ बदलला. आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ ची अंमलबजावणी थांबवता येत नाही. जून १९७५ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने १४, २१ आणि २२ यांसाठी न्यायालयाचे दार बंद झाले होते, त्याचा हा धडा.

“कायदा माहीत नव्हता” हे कारण चालते का?

तुमच्या बाजूने चालत नाही. पण सरकारने कायदा जाहीरच केला नसेल तर गोष्ट वेगळी, आणि हा निकाल नागपूरच्या माणसाचा आहे. व्हिव्हियन बोस इथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. १९५१ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी त्यांच्यासमोर हरला विरुद्ध राजस्थान राज्य हे प्रकरण आले. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये नुसता ठराव करून अफूचा कायदा केला होता. तो ना राजपत्रात छापला, ना दवंडी पिटली. त्याखाली हरलाला दंड झाला होता ५० रुपये. बोस यांनी लिहिले की लोकांपर्यंत कोणत्याही वाजवी मार्गाने न पोहोचवलेला कायदा लोकांवर लादता येत नाही. दोषसिद्धी रद्द झाली.

म्हणून दोषारोपपत्र हाती आले की दोन तारखा एकाखाली एक लिहा: कृत्याची आणि कलम अमलात आल्याची. दुसरी तारीख अधिनियमाच्या पहिल्या कलमात किंवा अधिसूचनेत असते. राजपत्र ऑनलाइन मिळते. छापील प्रत हवी असेल तर सिव्हिल लाइन्समधल्या शासकीय ग्रंथागारात विचारा.